पावतीवरची सही

“दम सोडू नकोस, शालन! दम सोडू नकोस!”

मी बाद होऊन रेषेबाहेर बसले होते आणि घसा फाटेस्तोवर ओरडत होते. नारंगपूरच्या जत्रेतला प्रदर्शनीय सामना होता तो. देवळामागच्या शेतात ढेकळं फोडून, पाणी मारून, रूळ फिरवून मैदान केलं होतं. चारी अंगांनी माणसं दाटली होती. बायका एका बाजूला बसल्या होत्या, बापये कडब्याच्या गंजीवर नि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर चढले होते. मुलींची कबड्डी त्या गावानं पहिल्यांदाच पाहिली असावी.

समोरच्या संघाच्या अंगणात तिघींनी शालनला धरलं होतं. दोघींनी पायाला मिठी मारलेली, तिसरी कमरेला लोंबकळत होती. आणि ही त्या तिघींना ओढत, तोंडानं कबड्डी कबड्डी चालूच, इंच इंच मध्यरेषेकडे सरकत होती. शेवटी ती पालथी पडली, हात लांब केला आणि बोटांची पेरं रेषेपलीकडं टेकवली. शिट्टी झाली. तिघी बाद आणि आम्ही सामना जिंकलेला.

शालन लोहार तेव्हा एकोणीस वर्षांची होती, माझ्याच वर्गात, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या वडिलांचा भाता होता. बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवणं, नांगराचे फाळ शेवटून धार आणणं ही कामं ते करायचे आणि शालन लहानपणापासून भाता ओढायची, पुढं पुढं घणही मारायची. तिच्या खांद्यांत जे बळ होतं ते कुठल्या व्यायामशाळेतलं नव्हतं. आमच्या कॉलेजनं त्या वर्षी विभागाचं अजिंक्यपद मिळवलं ते तिच्या चढायांवर. मी कर्णधार होते, कारण मी बोलायला बरी होते, अक्षर चांगलं होतं आणि माझे वडील हेडमास्तर होते. खेळात मी उजवा कोपरा सांभाळायचे, बऱ्यापैकी. बस, बऱ्यापैकीच.

त्या सामन्यात एकीचा घोटा धरताना माझं उजव्या हाताचं मधलं बोट मागं वळलं होतं. सामना संपल्यावर शालन धुळीनं माखलेली तशीच माझ्याकडं आली.

“बघू.”

तिनं बोट हातात घेतलं, सांधा चाचपला, आणि मला काही कळायच्या आत एकदा ओढलं. मी किंचाळले.

“मोडलं न्हाई. मुरगळलंय नुसतं,” ती म्हणाली. तिनं रुमालाची पट्टी फाडली, शेजारचं बोट आधाराला घेऊन दोन्ही घट्ट बांधली. “दोन दिस पाण्यात घालू नगंस.”

आमचे क्रीडाशिक्षक गुरव सर मंडपात सरपंचांच्या शेजारी शाल-नारळ घेऊन बसले होते. आम्ही सातजणी शाळेच्या एका खोलीत कपडे बदलत होतो. तिथं जत्रा कमिटीचे खजिनदार आले. धोतर, टोपी, काखेत पिशवी. दारातूनच खाकरले.

“पोरींनो, गावाला लई आनंद झाला बघा. कमिटीनं ठरवलंय, खेळणाऱ्या पोरींना रिकाम्या हातानं पाठवायचं न्हाई. शंभर शंभर रुपये हायती सगळ्यास्नी.”

शंभर रुपये! आमच्या खोलीचं महिन्याचं भाडं चाळीस होतं. नंदा, आमची डाव्या कोपऱ्याची खेळाडू, हसत हसत माझ्या दंडाला चिमटा काढायला लागली.

“तेवढी पावतीवर सही लागंल,” खजिनदार म्हणाले. “हिशेब द्यावा लागतो गावाला. कप्तान कोण हाय?”

“मी.”

त्यांनी पावतीपुस्तक पुढं केलं. मी बांधलेला हात वर करून दाखवला.

“माझं बोट दुखावलंय हो. शालन, तू कर गं सही. आज सामना तूच तर जिंकलायस.”

सगळ्या हसल्या. शालन लाजली. तिनं पेन घेतलं, पावतीपुस्तक गुडघ्यावर ठेवलं आणि मान वाकडी करून, एकेक अक्षर लावत सही केली. खजिनदारांनी पैसे तिच्या हातात दिले आणि तिनं तिथंच, फळ्याखाली बसून, सगळ्यांना वाटून टाकले. परतीच्या एस. टी.त आम्ही घसे बसेपर्यंत गाणी म्हटली.

हे मार्गशीर्षात झालं. पौषात समितीचं पत्र आलं.

गुरव सरांनी मला एकटीला जिमखान्यात बोलावलं. टेबलावर आंतरमहाविद्यालयीन क्रीडा समितीचं पत्र होतं आणि सोबत नारंगपूरच्या पावतीची झेरॉक्स. अंतिम सामन्यात आम्ही ज्या कॉलेजला हरवलं होतं त्यांनी तक्रार केली होती. खजिनदारांची पुतणी त्याच कॉलेजात शिकत होती म्हणे. तिनं कौतुकानं कुणाला तरी सांगितलं, आणि पुढचं कुणीतरी कौतुक न करता केलं.

“प्रदर्शनीय सामन्याबद्दल मानधन रुपये सातशे. मिळाले. सही, शालन लोहार,” सरांनी वाचून दाखवलं. मग चष्मा काढून डोळे चोळत बसले. “इंदू, मला खरं सांग. सगळ्यांनी घेतले?”

“हो सर.”

“मी हे ऐकलं नाही.”

मी त्यांच्याकडं पाहत राहिले.

“हौशी खेळाडूनं पैसे घेतले की तो हौशी राहत नाही. सगळ्यांनी घेतले असं ठरलं तर सातजणी बाद. अजिंक्यपद जाणार. कॉलेजच्या संघावर तीन वर्षं बंदी येणार. माझं काय व्हायचं ते होईल, ते सोड. पण पावती एकीची आहे. समितीपुढं कागद आहे तो एकीचा.”

“पण सर, तिनं आम्हाला...”

“तुला सांगत नाही मी काय बोलायचं ते. तू कर्णधार आहेस. उद्या चौघी-पाचजणींना नोकऱ्या लागायच्या आहेत या खेळावर. विचार कर म्हणतो, एवढंच.”

“आणि शालन?”

सरांनी पत्राची घडी घातली. बाहेर कुणीतरी व्हॉलीबॉल भिंतीवर आपटत होतं.

“तिला मी समजावतो,” ते म्हणाले. पण त्यांनी तिला काही समजावलं नाही. मला वाटतं, त्यांची हिंमत झाली नसावी. तिला त्यांनी फक्त सुनावणीची तारीख सांगितली.

त्या आठवड्यात आम्ही सहाजणी नंदाच्या खोलीवर जमलो. शालन गावी गेली होती, वडिलांना ताप होता. म्हणजे तिला टाळून जमलो असं नव्हतं. पण ती असती तर आम्ही त्या दिवशी जमलो नसतो, हेही तितकंच खरं. नंदा रडत होती. तिचं लग्न ठरलं होतं आणि नवरा मुलगा पोलिसात होता. चौकशी, सुनावणी असलं काही त्या घरात कळून चालणार नव्हतं. दुसरी म्हणाली, माझा भाऊ मला कॉलेजातून काढील. तिसरी म्हणाली, आपण काय चोरी केलीय का, देणाऱ्यानं दिलं. मग त्या सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

“विचारतील ते मलाच विचारतील,” मी म्हणाले. “तुम्ही गप्प राहा.”

एवढंच बोलणं झालं. काय बोलणार आहेस, हे मला कुणी विचारलं नाही.

सुनावणी जिल्ह्याच्या गावी, एका कॉलेजच्या ग्रंथालयात होती. आम्ही सकाळच्या गाडीनं गेलो. शालन तिच्या गावाहून परस्पर आली. निळी साडी नेसून आली होती, केसाला तेल लावून चापून वेणी घातलेली. परीक्षेला जावं तशी. व्हरांड्यातल्या बाकावर माझ्या शेजारी येऊन टेकली आणि पिशवीतून कागदाची पुडी काढली.

“तिळाच्या वड्या. आईनं दिल्यात. घे.”

मी एक घेतली. अर्धी खाल्ली, अर्धी रुमालात गुंडाळून ठेवली.

“भ्या वाटतंय?” तिनं विचारलं.

“थोडं.”

“मला न्हाई वाटत. आपण सांगू, आमाला ठावं नव्हतं. पैसे मागं देऊ. सातजणींचे सातशे, त्यात काय. मी शंभर आणलेत बघ.” तिनं पदराच्या गाठीला हात लावला. मग तिची नजर समोर उभ्या असलेल्या नंदाच्या पायांकडं गेली. नंदाच्या पायात नवे चॉकलेटी सँडल होते, बकल लावलेले, जत्रेच्या दुसऱ्याच दिवशी घेतलेले. शालन हसली. “हिनं खर्चून टाकले वाटतं. असूं दे. तिचे मी भरीन.”

नंदा पाय मागं घेऊन भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

शिपायानं आधी फक्त शालनला आणि मला आत बोलावलं. लांब टेबलापलीकडं तिघं बसले होते. मध्ये अध्यक्ष, प्राचार्य मिरजकर, पांढरा सदरा, बारीक आवाज. उजवीकडं एक प्रौढ बाई, डावीकडं लिहून घेणारे चिटणीस. गुरव सर बाजूच्या खुर्चीवर होते. आम्हाला बसायला सांगितलं, पण शालन उभीच राहिली, म्हणून मीही.

“ही सही तुमची?” अध्यक्षांनी कागद फिरवला.

“व्हय सर.”

“पैसे तुम्ही घेतलेत?”

“व्हय. सगळ्यांसाठी घेतले. सातजणी होतो. ठावं नव्हतं सर आमाला, पैसे घेतले तर चालत न्हाई म्हणून. ते आमी मागं देतो.”

अध्यक्षांनी मान हलवली, कंटाळल्यासारखी. त्यांना वाईट माणूस म्हणता येणार नाही. ते नियम वाचणारे होते, इतकंच.

“वर्षाच्या सुरुवातीला तुम्ही एका अर्जावर सही केलीत. ‘मी हौशी खेळाडू असून खेळाबद्दल कुणाकडूनही रोख रक्कम स्वीकारलेली नाही व स्वीकारणार नाही.’ हे वाचलं होतं?”

शालन गोंधळली. “अर्ज इंदूनं भरला हुता, सगळ्यांचा. मी सही केली.”

त्या बाई पहिल्यांदाच बोलल्या. आवाज मऊ होता. “बाळ, तुला कुणी वाचून दाखवला नव्हता का?”

शालननं मान वळवली. ती माझ्याकडं बघत होती. मी सांगेन म्हणून.

“कर्णधार,” अध्यक्ष म्हणाले, “तुम्ही अर्ज वाचून दाखवला होता?”

“हो सर,” मी म्हणाले.

दाखवला नव्हता. जुलैमधल्या एका दुपारी जिमखान्याच्या पायरीवर बसून मी सातही अर्ज भरले होते, नाव, जन्मतारीख, उंची, वजन. आणि सगळ्यांना हाका मारून फुलीच्या जागी सह्या घेतल्या होत्या. पण तो मजकूर मी स्वतः सात वेळा वाचला होता. नारंगपूरच्या त्या खोलीत पावतीपुस्तक पुढं आलं तेव्हा तो माझ्या डोळ्यांपुढं जसाच्या तसा उभा राहिला होता. बोट दुखत होतं हे खोटं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच हातानं इतिहासाची चार पानं टिपणं काढली होती.

“आता मला सांगा,” अध्यक्ष म्हणाले, “या म्हणतात पैसे सातजणींत वाटले. तुम्हाला मिळाले?”

खोलीत घड्याळ नव्हतं, पंखाही बंद होता. गुरव सर आपल्या हाताच्या तळव्याकडं बघत होते.

“नाही सर.”

“बाकीच्या मुलींना?”

“माझ्या माहितीत नाही.”

चिटणिसांचं पेन कागदावर चालत राहिलं. मी शालनकडं बघितलं नाही. तिचा श्वास मात्र मला ऐकू येत होता. मोठ्या चढाईनंतर मध्यरेषेवर ओणवी होऊन ती घ्यायची, तसा.

“लोहार,” अध्यक्ष म्हणाले, “तुमच्या कर्णधार नाही म्हणतात. त्या खोटं बोलतायत का?”

चिटणिसांनी मान वर करून तिच्याकडं बघितलं.

“न्हाई,” शालन म्हणाली. “त्या कशाला खोटं बोलतील.”

मला ती आजवर कधी ‘त्या’ म्हणाली नव्हती.

“म्हणजे पैसे तुम्हीच ठेवलेत?”

“व्हय.”

त्या बाई काहीतरी विचारायला पुढं झुकल्या होत्या, त्या मागं टेकल्या. आम्हाला बाहेर पाठवलं. बाकीच्या पाचजणींना त्यांनी आत बोलावलंच नाही, गरजच उरली नव्हती. अर्ध्या तासानं गुरव सर निकालाचा कागद घेऊन बाहेर आले. संघ निर्दोष होता, अजिंक्यपद कायम. शालन लोहार हिला हौशी कबड्डीतून, कुठल्याही पातळीवर, कायमचं बाद करण्यात आलं होतं. विद्यापीठाच्या सराव शिबिरासाठी तिची निवड झाली होती, तीही रद्द. शिबिराला सोळा दिवस उरले होते.

सरांनी कागद तिच्यापुढं धरला. “वाच.”

“तुमीच ठेवा,” ती म्हणाली. तिनं पदराची गाठ सोडली, शंभराची घडी काढली आणि सरांच्या हातात दिली. “ही नारंगपूरवाल्यांची, मागं द्या तेवढी.”

सर त्या नोटेकडं बघत राहिले. पुढं त्या नोटेचं काय झालं मला माहीत नाही.

बाकीच्या सगळ्या सरांबरोबर निघाल्या. शालनची गाडी वेगळ्या फलाटावरून होती. मी “येते मागून” म्हणाले आणि तिच्याबरोबर एस. टी. स्टँडवर गेले. का गेले, ते आजही नीट सांगता येत नाही. माफी मागायला म्हणावं तर तीही मी मागितली नाही. बहुधा तिनं मला शिव्या द्याव्यात, एक थोबाडीत मारावी, म्हणजे मग घरी जाऊन झोपता येईल, असलंच काहीतरी मनात असणार.

उन्हात फलाटाच्या कट्ट्यावर ती बसली. मी उभी होते. उसाच्या मोळ्या लादलेल्या गाड्या रस्त्यानं चालल्या होत्या.

“शालन, तू का नाही सांगितलंस? मी खोटं बोलतेय म्हणून?”

“सांगितलं असतं तर त्यांनी तुला परत इचारलं असतं.”

“मग?”

“तू परत न्हाई म्हणाली असतीस.” ती रस्त्याकडं बघतच बोलत होती. “एकदा ऐकलं तेवढं बास झालं. दुसऱ्यांदा न्हाई ऐकवलं असतं मला.”

मी तिच्या शेजारी बसले. ती सरकली नाही, पण पिशवी उचलून मध्ये ठेवली.

“माझा नाइलाज होता गं. नंदाचं लग्न... सर म्हणाले, संघावर...”

“इंदू, मला एक सांग. तुला त्या दिवशी ठावं हुतं? पैसे घ्यायचे नसतात ते?”

मी रस्त्यावरच्या उसाच्या गाड्यांकडं बघायला लागले.

“तुझं बोट मी बांधलं हुतं,” ती म्हणाली. “काय झालंय नि काय न्हाई ते मला कळतं. तू सही माझ्याकडं दिलीस तवा मला वाटलं, ही मला मान देतीया. घरी जाऊन आईला सांगितलं मी. सगळ्यांच्या वतीनं माझी सही घेतली म्हणून.”

तिची गाडी लागली. ती उठली, पिशवी घेतली. दारात गर्दी होती. बायका लेकरांना खिडकीतून आत ढकलत होत्या. शालननं कुणाला धक्का दिला नाही. सगळी माणसं चढेपर्यंत बाजूला उभी राहिली आणि शेवटी आत गेली. तिला जागा मिळाली नसावी. गाडी वळली तेव्हा दांडीला धरलेला तिचा हात मला काचेतून दिसला.

ती परत कॉलेजला आली नाही. कपडे, पुस्तकं न्यायला तिचा भाऊ आला होता. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या होत्या, ‘पैसे घेऊन खेळणाऱ्या खेळाडूवर कारवाई’. त्या चार ओळी तिच्या गावात कशा वाचल्या गेल्या असतील याचा अंदाज मला खेड्यात वाढल्यामुळं होता. पोरगी पैसे घेऊन खेळते, आणि तेही परगावी जाऊन. वैशाखात तिचं लग्न करून दिलं.

सराव शिबिरात तिच्या रिकाम्या जागी मला घेतलं. पुढच्या महिन्यात विद्यापीठाच्या संघातून मी दोन सामने खेळले. दोन्ही हरलो. पण प्रमाणपत्र मिळालं, आणि त्या प्रमाणपत्रावर खेळाडूंच्या राखीव जागेतून मला बँकेत नोकरी लागली. तेहतीस वर्षं केली. नंदाचं लग्न झालं, दोन वर्षांत मोडलं. संघावर पुढं बंदी आलीच, दुसऱ्या कसल्या तरी कारणानं. गुरव सर निवृत्त झाले आणि गेले. आम्ही ज्याच्यासाठी शालनला दिलं त्यातलं फारसं काही शिल्लक उरलं नाही. माझी नोकरी तेवढी उरली.

निवृत्तीनंतर मी समितीला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, अर्जापासून बोटापर्यंत. त्या निकालातून शालनचं नाव काढावं आणि हवं तर माझं घालावं, अशी विनंती केली. दोन महिन्यांनी उत्तर आलं. जुनी समिती विसर्जित झाली होती. हौशी खेळाडूचा तो नियमही कधीचाच रद्द झाला होता. आता स्पर्धांमधून उघडपणे रोख बक्षिसं देतात, मुलींना बोली लावून संघात घेतात. त्या सालची कागदपत्रं मुदत संपल्यामुळं नष्ट केली होती. ‘सबब आपल्या अर्जावर काही कार्यवाही करण्याचे कारण उरत नाही.’ खाली कुणातरी तरुण माणसाची झोकदार सही.

ते उत्तर घेऊन मी शालनचं सासर शोधत गेले. हमरस्त्याला लागून वेल्डिंगचं दुकान, मागं घर. नवरा तीन वर्षांपूर्वी गेला होता, दुकान मुलगा बघत होता. ती ओट्यावर गेटाच्या सळया मोजून वेगळ्या करत होती. केस पूर्ण पांढरे झालेले. खांदे तेच. तिनं मला लगेच ओळखलं.

“ये,” म्हणाली. जणू गेल्या आठवड्यातच भेटलो होतो.

मी पत्र दिलं. तिनं चष्मा शोधून आणला, उभ्या उभ्या वाचलं. माझ्या अर्जाची प्रतही वाचली, शेवटपर्यंत. मग दोन्ही कागदांची होती तशी घडी घालून मला परत दिली.

“म्हणजे आता कुठंच काय न्हाई लिवलेलं.”

“नाही.”

“मी खेळायचे त्येबी न्हाई.”

ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ज्या कपाटात तिची बंदी होती, त्याच कपाटात तिच्या चढाया होत्या, गुणतक्ते होते, आमच्या अजिंक्यपदाची यादी होती, तिच्या नावासकट. सगळं एकदमच गेलं होतं.

“शालन, मी तुझ्या मुलाला सांगते. सुनेला सांगते. तू काय होतीस ते त्यांना कळू दे.”

“नगं.” ती झटकन म्हणाली. आतल्या दाराकडं तिनं एकदा बघितलं. “मालकांनी लग्नात घातलेली अट ती. खेळाचं नाव या घरात काढायचं न्हाई. मी न्हाई काढलं. पोरांना काय ठावं न्हाई. आता या वयात कुठं सांगत बसू, नि त्ये इचारणार, मग सोडलं कशापायी? मग काय सांगू?”



तेवढ्यात सून चहा घेऊन बाहेर आली. हसरी, बोलकी मुलगी होती. कप माझ्या हातात देत म्हणाली, “आत्यांच्या कॉलेजातल्या का तुमी? आत्या कॉलेजात शिकत हुत्या म्हणत्यात, पर कधी कायच सांगत न्हाईत. काय करायच्या हो?”

शालन सळयांकडं बघत होती. एक सळई उचलून तिनं दुसऱ्या ढिगावर ठेवली.

“काही नाही,” मी म्हणाले. “एका वर्गात होतो, एवढंच.”

सून “हो का” म्हणाली आणि साखर बरी आहे का, ते विचारायला लागली.